तोशिरो मिफुने : केवळ कुरोसावाचा नट?

धागालेखक : अर्धविराम

जपानी नट तोशिरो मिफुनेचे नाव निघाले की बहुतेकांना एकच माणूस आठवतो. विस्कटलेले केस, वाढलेले दाढीचे खुंट, किमोनोच्या आतून गळ्याशी काढून हनुवटी खाजवणारा हात, आणि क्षणार्धात चारपाच जणांना आडवे करून पुन्हा म्यान होणारी तलवार. हा माणूस दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या ‘योजिम्बो’ या चित्रपटातला आहे आणि तो अस्सल आहे, याविषयी वाद नाही. माझी तक्रार एवढीच आहे की त्या एका माणसाच्या सावलीत मिफुनेचे उरलेले काम झाकले गेले आहे, आणि ‘कुरोसावा होता म्हणून मिफुने होता’ हे वाक्य आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांच्या गप्पांत इतक्या सहजपणे फेकले जाते की ते कोणी तपासून पाहत नाही. ते तपासण्यासाठी हा धागा काढत आहे. लांबी थोडी जास्त झाली आहे, सांभाळून घ्यावे.

मिफुनेचा जन्म १ एप्रिल १९२० रोजी चीनमधील चिंगदाओ येथे झाला. ते बंदर तेव्हा जपानच्या ताब्यात होते. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. कुटुंब पुढे दालियनला गेले आणि तोशिरोही त्याच व्यवसायात वडिलांच्या हाताशी लागला. वयाची विशी गाठेपर्यंत तो जपानमध्ये राहिलेलाच नव्हता. जपानी पडद्यावरचा पुरुष म्हणून साऱ्या जगाने ज्याला ओळखले तो असा परमुलखात वाढलेला होता, हे त्याच्या पडद्यावरच्या अस्वस्थ, कुठेच नीट न मावणाऱ्या वावराशी जोडून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. १९४० साली त्याला सक्तीने सैन्यात जावे लागले. छायाचित्रणाची माहिती असल्यामुळे त्याची नेमणूक हवाई छायाचित्रणाच्या कामावर झाली, आणि युद्ध संपेपर्यंत तो गणवेशातच राहिला. अखेरच्या काळात तो क्यूशू बेटावरील कुमामोतो भागात होता. मरणाच्या मोहिमेवर पाठवली जाणारी कोवळी पोरे त्याने तेथे जवळून पाहिली, आणि पुढे त्या दिवसांविषयी तो कडवटपणेच बोलत असे.

नट होण्याचे त्याच्या मनातही नव्हते. १९४६ साली त्याला तोहो स्टुडिओत कॅमेरामनच्या मदतनिसाची जागा हवी होती. त्याऐवजी त्याचा अर्ज ‘नवे चेहरे’ निवडण्यासाठी भरवलेल्या चाचणीत जाऊन पडला. कुरोसावा त्या वेळी दुसऱ्या चित्रपटाच्या चित्रीकरणात गुंतला होता. अभिनेत्री हिदेको ताकामिनेने येऊन सांगितले म्हणून दुपारच्या सुट्टीत तो डोकावायला गेला, आणि पिसाळल्यासारखा खोलीभर थैमान घालणारा हा तरुण पाहून दारातच थबकला. राग दाखवून झाल्यावर मिफुने थकून खुर्चीत बसला आणि परीक्षकांकडे रोखून पाहत राहिला. बऱ्याच परीक्षकांना तो उर्मट वाटला. निवड समितीत चित्रपटाच्या जाणकारांच्या जोडीने कामगार संघटनेचे प्रतिनिधी होते आणि सर्वांच्या मताचे वजन सारखेच होते. रत्नाची पारख करताना जवाहिऱ्याला आणि भाजीवाल्याला एकच मत कसे देता, अशा अर्थाचा युक्तिवाद कुरोसावाने केला, आणि ज्येष्ठ दिग्दर्शक काजिरो यामामोतो याने जबाबदारी घेतली तेव्हा कुठे मिफुने आत आला.

१९४७ साली सेनकिची तानिगुची या दिग्दर्शकाच्या ‘स्नो ट्रेल’मध्ये त्याने पहिल्यांदा काम केले. म्हणजे पहिला चित्रपट कुरोसावाचा नव्हता, पटकथा मात्र त्याची होती. कुरोसावाचा दुसरा नेहमीचा नट ताकाशी शिमुराही त्यात होता. पुढच्याच वर्षी ‘ड्रंकन एंजल’ आला. सांडपाण्याच्या डबक्याकाठी दवाखाना चालवणारा दारुडा डॉक्टर हा खरे तर या कथेचा नायक. मिफुनेने साकारलेला क्षयाने पोखरलेला गुंड मात्सुनागा हा त्याचा केवळ रुग्ण. पण चित्रीकरण सुरू झाले आणि रुग्णच चित्रपट घेऊन चालू लागला. त्याला आवरले तर त्याच्यातले चैतन्यच मरेल, या पेचात सापडल्याचे कुरोसावाने आत्मवृत्तात लिहिले आहे. एखादी भावना पोहोचवायला इतर नटांना दहा फूट फिल्म लागत असेल तर मिफुनेला तीन फूट पुरते, असा त्याचा हिशेबही तेथेच आहे. शेवटच्या मारामारीत दोघे गुंड सांडलेल्या पांढऱ्या रंगात घसरत, आपटत, धापा टाकत एकमेकांवर तुटून पडतात. त्या झटापटीत पराक्रम औषधालाही नाही. फुप्फुसे निकामी झालेला माणूस नुसता तोल सावरण्यासाठी किती धडपडतो, ते मिफुने तेथे दाखवतो.

१९४८ ते १९६५ या काळात दोघांनी सोळा चित्रपट केले. या अवधीतला मिफुनेशिवायचा कुरोसावाचा एकमेव चित्रपट म्हणजे ‘इकिरू’. सोळाही चित्रपटांची यादी देत नाही, ती कोठेही मिळेल. मला ज्या दोन भूमिकांविषयी बोलायचे आहे त्या दोन्हींत तलवार नाही.

पहिली ‘आय लिव्ह इन फिअर’ची. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावरील अमेरिकी चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मच्छीमार बोटीवर पडली, आणि त्यानंतरच्या भेदरलेल्या वातावरणात १९५५ साली हा चित्रपट आला. अणुबाँबच्या धास्तीने आपले सारे कुटुंब, रखेल्या आणि त्यांच्या मुलांसकट, ब्राझीलला नेऊ पाहणारा सत्तर वर्षांचा कारखानदार नाकाजिमा मिफुनेने केला तेव्हा त्याचे वय पस्तीस होते. पांढरे केस आणि जाड चष्मा हे रंगभूषेचे काम झाले. पण पाठीचा बाक, जबडा आवळून बसण्याची पद्धत, आणि उकाड्यात सतत हलणारा हातपंखा, जो म्हातारा चिडला की आपोआप वेग घेतो, हे सगळे नटाने आणलेले आहे. एका प्रसंगात वीज लखलखते आणि तो विचार न करता तान्ह्या मुलावर पालथा पडून त्याला अंगाखाली झाकतो. घरच्यांनी न्यायालयात वेडा ठरवायला निघालेला हा माणूस त्या घटकेला मला घरातला एकमेव शहाणा वाटतो.

दुसरी भूमिका ‘हाय अँड लो’मधल्या गोंदोची. बूट बनवणाऱ्या कंपनीतला हा वरिष्ठ अधिकारी. कंपनी ताब्यात घेण्यासाठी घरदार गहाण टाकून त्याने पैसा उभा केला आहे, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचा मुलगा समजून शोफरच्या मुलाचे अपहरण होते. खंडणी तीन कोटी येनची. पैसे दिले तर गोंदो रस्त्यावर येणार. चित्रपटाचा जवळजवळ पूर्वार्ध एका दिवाणखान्यात घडतो आणि मिफुनेला तेथे येरझाऱ्या घालणे, फोन उचलणे आणि पाठमोरे उभे राहणे यापलीकडे फारसे करायचे नसते. मग पैसे द्यायचे ठरते. पोलिसांना खंडणीच्या बॅगांत खुणेच्या पुड्या दडवायच्या असतात. गोंदो आपली जुनी हत्यारांची पेटी मागवतो, जमिनीवर फतकल मारतो आणि स्वतः चामडे उसवून शिवायला बसतो. कधीकाळी चर्मकामाचा उमेदवार असलेला हा माणूस हत्यार हातात येताच बदलतो. खांदे सैल पडतात, बोटे सराईतपणे फिरू लागतात, आवाजातली अधिकाऱ्याची गुर्मी निघून जाते. बाजूला उभे असलेले पोलीस गप्प होतात. जेमतेम दोन मिनिटांचा प्रसंग असेल, पण मिफुनेच्या अभिनयाचा एकच तुकडा निवडायचा झाला तर मी हा निवडेन.

१९६५ च्या ‘रेड बिअर्ड’नंतर हे दोघे पुन्हा एकत्र आले नाहीत. त्या चित्रपटाचे काम दोन वर्षांच्या आसपास रेंगाळले, आणि मिफुनेने दाढी खरी वाढवलेली असल्यामुळे तेवढा काळ त्याला दुसरे काम घेता आले नाही. तोवर त्याने स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती, माणसांचे पगार द्यायचे होते. भांडण झाले का, कोण कोणावर रागावले, याच्या कहाण्या पुष्कळ आहेत. मला पैशाचे आणि वेळेचे हे साधे कारणच सर्वांत पटते. याच भूमिकेसाठी त्याला व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ‘योजिम्बो’साठी १९६१ साली तो त्याआधीच मिळाला होता.

सदस्यांनी आपापली मते मांडावीत.

प्रतिसाद : जुनी रिळे

उत्तम धागा. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’विषयी आपण मुद्दाम लिहिले नाही हे लक्षात आले, तरी त्यातल्या किकुचियोला टाळून मिफुनेवर बोलता येईल असे वाटत नाही. सुरुवातीच्या आराखड्यात मिफुनेच्या वाट्याला शांत, अबोल तलवारबहाद्दर क्यूझो येणार होता. लिहिता लिहिता लेखकांच्या ध्यानात आले की सहाही सामुराई फार शहाणे आणि गंभीर झाले आहेत, त्यांच्यात कोणीतरी खोडकर, बेशिस्त हवा. त्यातून शेतकऱ्याच्या पोटी जन्मून सामुराई असल्याचा आव आणणारा किकुचियो उभा राहिला, आणि क्यूझोची भूमिका सेइजी मियागुचीकडे गेली.

सामुराईंना गावात पराभूत योद्ध्यांची लुटलेली चिलखते सापडतात तो प्रसंग आठवावा. सामुराई संतापतात, कारण ती चिलखते शेतकऱ्यांनी त्यांच्याच जातीच्या माणसांना मारून मिळवलेली असतात. तेव्हा किकुचियो उसळतो. शेतकरी कंजूष, लबाड, भित्रे आणि खुनी आहेत, सगळे मान्य, पण त्यांना असे कोणी केले, तुम्हीच ना, असा त्याचा सवाल असतो. तो बोलतो शेतकऱ्यांविरुद्ध आणि वकिली करतो त्यांचीच, आणि बोलता बोलता स्वतःचा जन्म उघडा पाडतो. या प्रसंगात मिफुने भरपूर ओरडतो. धागालेखकांनी संयमाचे कौतुक केले ते योग्यच आहे, पण हे ओरडणेही तितकेच जाणतेपणाने केलेले आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

आपल्या ‘शोले’चे मूळ हॉलिवूडच्या ‘मॅग्निफिसेंट सेव्हन’मार्गे या चित्रपटापर्यंत पोहोचते, हे सर्वांना ठाऊक आहेच. गंमत अशी की त्या प्रवासात किकुचियो हे पात्र कोठेतरी वाटेत गळून गेले. गावकऱ्यांवर असा उलटा आरोप करणारे रामगढमध्ये कोणीच नाही.

प्रतिसाद : वळणावरचा पिंपळ

धागालेखकांच्या मूळ विधानाशी मी सहमत नाही. १९६५ नंतरचा मिफुने प्रामाणिकपणे पाहावा. ‘ग्रां प्री’मध्ये तो मोटारशर्यतीच्या संघाचा मालक आहे आणि त्याच्या जागी दुसरा कोणी चालला असता. १९७६ च्या ‘मिडवे’मध्ये तो युद्धकाळातल्या जपानी नौदलाचा अ‍ॅडमिरल यामामोतो होतो, पण त्याचा आवाजसुद्धा त्याचा नाही, पॉल फ्रीस या अमेरिकी कलाकाराने इंग्रजी संवाद म्हटले. ज्या नटाचे निम्मे बळ आवाजात आहे त्याचा आवाजच काढून घ्यायचा आणि चेहरा तेवढा जाहिरातीवर छापायचा, हा व्यवहार त्याने का स्वीकारला? १९८० च्या ‘शोगुन’ या दूरचित्रवाणी मालिकेने तो अमेरिकेत घरोघरी पोहोचला हे खरे, परंतु त्यात तो बहुतांशी भारदस्त चेहऱ्याने बसलेला असतो. ‘हेल इन द पॅसिफिक’ एवढा अपवाद मी करेन. निर्जन बेटावर अडकलेले दोन शत्रुसैनिक, एक जपानी आणि एक अमेरिकी, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, आणि पूर्ण चित्रपटात तिसरे माणूस नाही. ली मार्विनसमोर मिफुने तेथे खरोखर जागा झालेला दिसतो.

एका चित्रपटाच्या बळावर तीस वर्षांचा बचाव करता येत नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : कुंपणावरची

वरील सदस्यांचा हिशेब एकतर्फी वाटतो, कारण त्यांनी तो कुरोसावाच्या बाजूने मांडलेलाच नाही. ‘रेड बिअर्ड’नंतरच्या पंधरा वर्षांत कुरोसावाचे दोनच चित्रपट आले, १९७० चा ‘दोदेस्कादेन’ आणि सोव्हिएत पैशांवर केलेला १९७५ चा ‘देर्सू उझाला’. मधल्या काळात, १९७१ साली, त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. म्हणजे त्या फाटाफुटीनंतर एक जण कामावाचून राहिला आणि दुसरा नको इतके काम करत राहिला. यात जपानी स्टुडिओव्यवस्था कोसळण्याचा वाटा मोठा आहे. दूरचित्रवाणीने प्रेक्षक पळवला होता, आणि दोन वर्षे एका चित्रपटावर घालवू देणारा तोहो स्टुडिओ राहिलेला नव्हता. मिफुने परदेशी चित्रपट करून आणि जपानी मालिकांत तलवार फिरवून आपली संस्था चालवत होता. हे उत्तर कलात्मक नाही, पण तुम्ही विचारलेल्या ‘का स्वीकारला’चे उत्तर तेच आहे.

धागालेखक : अर्धविराम

@वळणावरचा पिंपळ, आपला आक्षेप दमदार आहे, म्हणून पुरावाही तसाच देतो. मासाकी कोबायाशीचा १९६७ चा ‘समुराई रिबेलियन’ आपण पाहिला नसेल तर जरूर पाहावा. कुरोसावाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, आणि निर्मितीत मिफुनेच्याच संस्थेचा सहभाग आहे. इसाबुरो हा एका सरदाराच्या पदरी असलेला तलवारबाज. घरजावई म्हणून आलेला आणि वीस वर्षे बायकोचा जाच निमूट सोसणारा. सरदार आपल्या मर्जीतून उतरलेली बाई इसाबुरोच्या मुलाच्या गळ्यात बांधतो, आणि पुढे वारसाची आई म्हणून तिला परत मागतो. तोवर त्या दोघांचा संसार फुललेला असतो. मुलाची आणि सुनेची ती माया पाहून या निवृत्त माणसाला आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणण्याचे बळ येते.

सुमारे दीड तास मिफुने येथे हात मांडीवर ठेवून बसलेला आहे. नजर खाली, आवाज खालच्या पट्टीत, नातेवाइकांच्या बैठकीत तर जवळजवळ अदृश्य. ज्या नटाच्या हालचालीसाठी लोक तिकीट काढतात त्याने एवढा वेळ हालचाल राखून ठेवायची, हे धाडस दिग्दर्शकाइतकेच नटाचे आहे. पडद्यावरचे ते बसणे जपानी घरांच्या सरळ रेषांत इतके चेपून दाखवले आहे की शेवटी तो तलवार उपसतो आणि घरातल्या चटया उलथून टाकतो तेव्हा प्रेक्षकाचाही श्वास मोकळा होतो. हा मिफुने कुरोसावाने घडवलेला नाही.

प्रतिसाद : रात्रपाळी

‘थ्रोन ऑफ ब्लड’चा उल्लेख राहून गेला. ‘मॅकबेथ’चे हे जपानी रूप करताना कुरोसावाने नटांना ‘नो’ या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचे मुखवटे दाखवले आणि मिफुनेला योद्ध्याचा मुखवटा नेमून दिला. त्यामुळे मॅकबेथच्या जागी असलेल्या वाशिझूच्या चेहऱ्यावर भीती थिजलेली दिसते. भुवया, ओठ, ताठरलेली मान, सगळे कोरल्यासारखे. शेवटी त्याचेच सैनिक त्याच्यावर बाणांचा वर्षाव करतात, तेथे खरे बाण वापरले होते. ते सोडायला कसलेले धनुर्धर आणले होते. पुढचा बाण कोठे घुसणार हे त्यांना कळावे म्हणून आपण कोणत्या दिशेला जाणार ते मिफुने हात हलवून सुचवत होता. म्हणजे पडद्यावर बाण झटकत वेडापिसा धावणारा माणूस प्रत्यक्षात एकेक पाऊल मोजून टाकत होता. ज्यांना मिफुने म्हणजे नुसता आवेश वाटतो त्यांनी हा प्रसंग ही माहिती मनात ठेवून पुन्हा पाहावा.

प्रतिसाद : जुनी रिळे

इनागाकीचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. हिरोशी इनागाकी या दिग्दर्शकाकडे मिफुनेने पुष्कळ काम केले. प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशीवरच्या त्रयीतल्या पहिल्या चित्रपटाला ऑस्करचा विशेष सन्मान मिळाला, आणि १९५८ च्या ‘रिक्षा मॅन’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह. ही इनागाकीने स्वतःच्याच १९४३ मधील चित्रपटाची केलेली नवी आवृत्ती होती. हातरिक्षा ओढणारा अडाणी मात्सुगोरो लष्करी अधिकाऱ्याच्या विधवेवर मनातल्या मनात प्रेम करतो, हे युद्धकाळातल्या सेन्सॉरला खपले नव्हते आणि तो भाग कापला गेला होता. इनागाकीने पंधरा वर्षांनी तो प्रसंग मिफुनेकडून करवून घेतला. समोर हिदेको ताकामिने आहे, बारा वर्षांपूर्वी कुरोसावाला चाचणीच्या खोलीकडे पाठवणारी तीच. आपण इतके दिवस जे बोललो नाही ते बोलण्याची आपली लायकीच नाही, हे कळून चुकलेला धिप्पाड माणूस तिच्यापुढे ढासळतो. उत्सवात ढोल बडवणारा मात्सुगोरो सर्वांना आठवतो. मला मात्र हा ढासळणारा आठवतो. कुरोसावाच्या सोळा चित्रपटांत मिफुनेला असे हताश प्रेम फारसे करायला मिळाले नाही.

प्रतिसाद : वळणावरचा पिंपळ

‘समुराई रिबेलियन’ काल रात्री पाहिला. १९६७ पर्यंतचा मुद्दा मान्य करतो. सत्तरच्या दशकाबद्दलचे मत कायम आहे.

प्रतिसाद : कुंपणावरची

त्यानंतरचेही एक उदाहरण देते. मिफुनेचा शेवटचा चित्रपट केई कुमाईचा ‘फुकाई कावा’, १९९५ चा. शुसाकु एंदोच्या कादंबरीवरचा हा चित्रपट वाराणसीला आलेल्या जपानी प्रवाशांविषयी आहे आणि गंगेचे घाट त्यात ठळकपणे आहेत. मिफुनेचे पात्र मात्र वाराणसीला येत नाही. ब्रह्मदेशातल्या माघारीत उपासमारीने मेलेल्या सोबत्याचे मांस खाल्ल्याचे ओझे आयुष्यभर दारूत बुडवणारा एक जुना सैनिक, एवढीच ती छोटी भूमिका. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता, प्रकृती ढासळली होती, आणि पुढे २४ डिसेंबर १९९७ रोजी त्याचे निधन झाले. सहा वर्षे सक्तीच्या गणवेशात काढलेल्या माणसाने या भूमिकेला होकार दिला, यात मला योगायोग दिसत नाही. ‘मिडवे’तला उसन्या आवाजाचा अ‍ॅडमिरल आणि हा साधा शिपाई एकापाठोपाठ पाहिले, तर त्याला युद्धाविषयी स्वतःच्या आवाजात काय म्हणायचे होते ते कळते. ‘आय लिव्ह इन फिअर’मधल्या नाकाजिमाचा हा शिपाई मला धाकटा भाऊ वाटतो, आणि दोघांपैकी एकालाही कुरोसावाच्या किंवा कुमाईच्या खात्यावर संपूर्ण टाकायला मी तयार नाही.

प्रतिसाद : रात्रपाळी

‘फुकाई कावा’ आमच्याकडे कोणीच पाहिलेला नाही. पुढच्या महिन्यात मंडळाच्या खेळांत तो घेता येईल का ते विचारतो, आणि जोडीला ‘हाय अँड लो’ सुचवतो. त्यात खंडणीच्या बॅगा जळतात तेव्हा आत दडवलेल्या पुड्यांमुळे काळ्यापांढऱ्या चित्रपटात धुराचा गुलाबी लोट एकदाच रंगीत उठतो. तो मोठ्या पडद्यावर पाहायची संधी सोडू नये. चर्चा खेळानंतर याच धाग्यावर पुढे चालू ठेवू.